'इलेक्ट्रिक मड'वरची मतं इतकी टोकाची का? एका ब्लूज अल्बमचा प्रकरण अभ्यास

ऑक्टोबर १९६८मध्ये शिकागोच्या चेस या ध्वनिमुद्रण कंपनीच्या 'कॅडेट कॉन्सेप्ट' या लेबलवर ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्सचा 'इलेक्ट्रिक मड' हा अल्बम निघाला. आठ गाणी, सगळी मिळून छत्तीस-सदतीस मिनिटं. बिलबोर्डच्या अल्बम यादीत तो १२७व्या क्रमांकापर्यंत चढला. ब्लूजच्या जाणकार समीक्षकांनी त्याला तेव्हाच झोडपलं. पुढच्या काळात खुद्द मडीही त्याच्याबद्दल फारसं बरं बोलला नाही. तरी हा अल्बम विस्मरणात गेला नाही. ब्लूज ऐकणारे चार जण एकत्र बसले आणि याचा विषय निघाला, तर अजूनही दोन तट पडतात: एकाला हा मडीच्या कारकिर्दीतला सर्वांत वाईट अल्बम वाटतो, दुसरा मडीचं फक्त हेच ऐकतो. मधलं मत फार क्वचित भेटतं.

हा फरक निव्वळ आवडीनिवडीचा असता तर प्रकरण म्हणून अभ्यासण्यासारखं यात काही नव्हतं. पण मतं नीट वाचली, आणि प्रत्येक मत गाण्यातल्या ज्या जागेबद्दल आहे ती जागा प्रत्यक्ष ऐकून पाहिली, की दिसतं ते वेगळंच. बहुतेक वाद गाणारा आवाज आणि गिटार यांच्यातल्या वेळेच्या वाटणीवर येऊन थांबतो. कोण कधी बोलतं आणि कोण कधी गप्प बसतं, एवढाच तो मुद्दा. बाकीच्या बऱ्याच तक्रारी त्याच्याच फांद्या आहेत.

आधीचा मडी कसा होता

मत देणारा कोणता मडी डोक्यात घेऊन बसला आहे, हे आधी पाहायला हवं. मिसिसिपीतल्या स्टोव्हॉल मळ्यावर राहणाऱ्या मडीचं पहिलं ध्वनिमुद्रण लोकसंगीत-संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्सने १९४१मध्ये केलं. १९४३मध्ये मडी शिकागोला गेला. तिथल्या दारूच्या अड्ड्यांवरच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून त्याने इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली. १९४८च्या 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड'मध्ये फक्त त्याची अँपमधून (अँप्लिफायरमधून) वाजणारी स्लाइड गिटार, म्हणजे तारांवर काचेची नळी सरकवून वाजवलेली, आणि बिग क्रॉफर्डचा उभा बेस आहे. ड्रम नाही, पियानो नाही. आवाज एक ओळ म्हणतो आणि ती ओळ संपते तिथे स्लाइड तिला उत्तर देते. कित्येकदा शेवटचा शब्द मडी तोंडाने म्हणतच नाही, तारेवरची काच तो पुरा करते.

पन्नासच्या दशकात वाद्यवृंद वाढला. लिटल वॉल्टरचा माउथ ऑर्गन, ऑटिस स्पॅनचा पियानो, जिमी रॉजर्सची दुसरी गिटार. तरी सवाल-जवाबाचा हा नियम मोडला नाही. प्रत्येकाची जागा ठरलेली होती आणि आवाज चालू असताना त्याच्या अंगावर कोणी जात नसे. जुन्या चेस तबकड्यांवर प्रेम करणारा माणूस बहुधा या शिस्तीवर प्रेम करतो, त्याने तिला काही नाव दिलेलं नसलं तरी.

एक गोष्ट या वादात सहसा विसरली जाते. मडीच्या विजेच्या आवाजावर लोक नाराज होण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९५८मध्ये तो ऑटिस स्पॅनला घेऊन इंग्लंडला गेला, तेव्हा ब्लूज म्हणजे साध्या गिटारीवरचं लोकगीत असं मानणाऱ्या तिथल्या काही श्रोत्यांना त्याचा अँप कर्कश वाटला होता. १९६४च्या 'फोक सिंगर' अल्बममध्ये चेसने त्याला गिटारवादक बडी गायसोबत साध्या गिटारीवर बसवलं, तेही त्याच बाजारासाठी. म्हणजे कंपनीने श्रोत्यांचा अंदाज घेऊन मडीला साच्यात घालणं १९६८मध्ये सुरू झालं नाही. 'फोक सिंगर'ला शुद्ध आणि 'इलेक्ट्रिक मड'ला बाजारू म्हणणाऱ्या मतात ही गफलत हमखास असते. दोन्ही अल्बम कोणत्या तरी गिऱ्हाइकासाठी आखलेलेच होते, त्यामुळे हेतूवरून त्यांची प्रतवारी करता येत नाही. करायची तर नादावरून करावी लागते.

अल्बममध्ये नेमकं काय आहे

कल्पना मार्शल चेसची, म्हणजे कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या लिओनार्ड चेसच्या मुलाची. १९६७ हे रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या पहिल्या अल्बमचं वर्ष, आणि गिटारीचा नाद पायाने फिरवणारं वा-वा पेडल बाजारात आलं तेही त्याच वर्षी. तरुण रॉक श्रोत्यापर्यंत मडीला पोहोचवायचं, हा सरळ हिशोब होता. मार्शलबरोबर चार्ल्स स्टेपनी आणि सॅक्सोफोनवादक जीन बार्ज यांनी निर्मिती सांभाळली. ध्वनिमुद्रण मे १९६८मध्ये शिकागोत चेसच्याच टर-मार स्टुडिओत झालं.

वादक मडीच्या नेहमीच्या ताफ्यातले नव्हते. गिटारवर पीट कोझी, फिल अपचर्च आणि रोलंड फॉकनर, बेसवर लुई सॅटरफील्ड, ड्रमवर मॉरिस जेनिंग्ज, ऑर्गनवर स्वतः स्टेपनी. ही माणसं सोल, जॅझ आणि स्टुडिओच्या रोजच्या कामातून तयार झालेली होती. स्टेपनी आणि सॅटरफील्ड दोघंही पुढे 'अर्थ, विंड अँड फायर' या बँडशी जोडले गेले. कोझी १९७३ ते १९७५ जॅझ संगीतकार माइल्स डेव्हिसच्या वृंदात होता आणि त्याच्या 'अघार्ता' अल्बमवर त्याची गिटार ऐकू येते. त्यामुळे 'कोणी तरी भाड्याचे रॉकवाले बोलावले' ही तक्रार टिकत नाही. बेस आणि ड्रमची बैठक रॉकची नाहीच, ती सोलची आहे. हा अल्बम वाखाणणारे बहुतेक जण तिच्यावरच खूश असतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तीन-तीन गिटारवादक असलेल्या या अल्बमवर मडीच्या नावापुढे श्रेय आहे ते गायनाचं. त्याची स्वतःची स्लाइड इथे नाही. विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रभावी इलेक्ट्रिक ब्लूज गिटारवादकांपैकी एकाचा अल्बम म्हणून कोणी तो लावला, तर ज्या गोष्टीसाठी लावला तीच मिळत नाही. नाराज मतांपैकी कितीतरी इथेच जन्मतात, पण कारण म्हणून नाव घेतलं जातं वा-वाचं किंवा फझचं, म्हणजे गिटारीचा नाद मुद्दाम खरखरीत करणाऱ्या परिणामाचं. 'गिटार फार आहे' असं लिहिणाऱ्याला पुष्कळदा म्हणायचं असतं की 'त्याची गिटार नाही'.

आठ गाण्यांपैकी पाच मडीची आधीचीच: 'आय जस्ट वाँट टू मेक लव्ह टू यू', 'हूची कूची मॅन', 'शीज ऑलराइट', 'मॅनिश बॉय' आणि 'द सेम थिंग'. एक रोलिंग स्टोन्सचं 'लेट्स स्पेंड द नाइट टुगेदर'. उरलेली दोन, 'हर्बर्ट हार्पर्स फ्री प्रेस न्यूज' आणि 'टॉम कॅट', नवी. मतांच्या अभ्यासाला ही विभागणी फार कामाची आहे, कारण जुन्या पाच गाण्यांच्या जुन्या तबकड्या शेजारी लावून तुलना करता येते आणि नव्या दोन गाण्यांना तुलनेचं ओझंच नाही. नवी दोन गाणी ऐकून आणि जुनी पाच ऐकून एकाच श्रोत्याचं मत बदलत असेल, तर त्याचा आक्षेप नादावर नाही, नात्यावर आहे, असं धरायला हरकत नाही.

तीन प्रश्न, एकच उत्तर

मतं वेगळी करायला बसलं की तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले सापडतात. हा अल्बम मडीचा म्हणावा का? याला ब्लूज म्हणावं का? आणि ध्वनिमुद्रण म्हणून हे चांगलं आहे का? बहुतेक जण पहिल्याचं उत्तर देतात आणि ते तिसऱ्याचं म्हणून मांडतात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अर्धं श्रेयनामावलीतच आहे: आवाज त्याचा, वाद्यमेळ दुसऱ्यांचा. दुसऱ्यावर वाद घालण्यात आम्हाला फारसा अर्थ दिसत नाही. बारा किंवा सोळा मात्रागटांचा (बारांचा) सांगाडा, सुरांची वळणं, शब्दांची ठेवण हे सगळं बहुतेक गाण्यांत शाबूत आहे. तिसरा प्रश्न खरा, आणि त्याचं उत्तर अल्बमला एकत्र देता येत नाही. ते गाण्यागणिक द्यावं लागतं.

'हूची कूची मॅन': १९५४ आणि १९६८

विली डिक्सनने लिहिलेलं हे गाणं मडीने जानेवारी १९५४मध्ये ध्वनिमुद्रित केलं. ते रिदम अँड ब्लूजच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. रचना सोळा बारची. पहिले आठ बार मूळ स्वरसंगतीवरच (कॉर्डवरच). त्यात अख्खा वृंद एक छोटा, ठसठशीत तुकडा वाजवतो आणि एकदम थांबतो. त्या शांततेत मडी एक वाक्य बोलतो. पुन्हा तुकडा, पुन्हा थांबा, पुन्हा वाक्य. यालाच स्टॉप-टाइम म्हणतात. नवव्या बारला स्वरसंगती सप्तकातल्या चौथ्या सुरावर जाते आणि तोवर अडवून धरलेला ठेका सुटतो. दोन बार चौथ्यावर, दोन परत मूळ संगतीवर, मग एक पाचव्यावर, एक चौथ्यावर आणि शेवटचे दोन पुन्हा घरी.

गाण्याची सगळी ताकद त्या रिकाम्या जागेत साठवलेली आहे. गाणारा स्वतःच्या जन्माआधीच्या भाकितापासून सुरू करून स्वतःचा महिमा सांगतो आहे आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत सगळा वृंद श्वास रोखून उभा आहे. तो ऐकणाऱ्याला पटतो तो त्या थांबण्यामुळे.

१९६८च्या आवृत्तीत ती जागा भरलेली आहे. ड्रम आणि बेस चालत राहतात, ऑर्गन मागे पसरलेला आहे आणि मडी बोलत असतानाच गिटारी त्याच्या भोवती बोलत असतात. म्हणजे सवाल आणि जवाब एकाच वेळी चालू आहेत. आवाजात काही कमी नाही. पंचावन्न वर्षांच्या मडीचा गळा १९५४पेक्षा जड आणि भरदार आहे. पण आधी तो वृंदाला थांबवणारा होता, आता तो वृंदातून वाट काढणारा आहे. 'गोंधळ आहे', 'आवाज दबला', 'गिटारवाल्यांना कोणी आवरलं नाही' या तिन्ही तक्रारींचं मूळ हे. आमच्या मते या गाण्यापुरती ती तक्रार रास्त आहे. आवाजाची पातळी वाढवली किंवा उतरवली तरी ती मिटत नाही, कारण दोष पातळीचा नाही, मांडणीचा आहे.

आता हीच फूटपट्टी 'मॅनिश बॉय'ला लावा. १९५५चं हे गाणं एकाच स्वरसंगतीवर उभं आहे. तोच तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये स्वरसंगतीची कुठेही सुटका नाही. इथे गाण्याचा जोर सातत्यावर असल्यामुळे सॅटरफील्ड आणि जेनिंग्जची अखंड चाल गाण्याच्या स्वभावाशी जुळते. 'हूची कूची मॅन'वर नाराज असलेले बरेच श्रोते इथे नरमतात, आणि का नरमतात ते त्यांना सांगता येत नाही. कारण हे आहे.

'द सेम थिंग' हे शेवटचं गाणं या अल्बमची सर्वांत भक्कम बाजू. संथ लय, ओळीओळीत पुरेसा वेळ आणि गिटारीला स्वतंत्र, लांब जागा. आवाज संपतो, मग गिटार सुरू होते. जुना नियम इथे पाळलेला आहे, फक्त उत्तर देणारा नाद बदलला आहे. फझ आणि फीडबॅकवर (अँपचा आवाज गिटारीत परत शिरून उठणाऱ्या शिट्टीवर) ज्यांचा मूळचाच राग आहे त्यांचं मत इथेही बदलणार नाही, ते ठीकच आहे. पण ज्यांना वाटतं की आपला राग फझवर आहे, त्यांनी या गाण्यावर तो तपासून पाहावा.

'लेट्स स्पेंड द नाइट टुगेदर'बद्दल थोडक्यात. मडीच्या १९५०च्या 'रोलिन स्टोन'वरून नाव घेतलेल्या मंडळींचं गाणं मडीने गावं, ही कल्पना कागदावर छान होती. पण मूळ चाल झपाझप पुढे पळणारी आहे आणि मडीची ओळ नेहमी ठेक्याच्या किंचित मागे बसते. दोघांची ओढाताण ऐकू येते. या गाण्याची बाजू घेणारं मत क्वचितच आढळतं, आणि आम्हीही घेणार नाही.

मत बिघडवणाऱ्या तांत्रिक गोष्टी

हा अल्बम ऐकायच्या साधनावर जितका अवलंबून आहे तितके ब्लूजचे फार थोडे अल्बम असतील.

वा-वा पेडल म्हणजे पायाने सरकवायचं, टोकदार शिखर असलेलं फिल्टर. त्याचं शिखर ढोबळमानाने ४०० हर्ट्झपासून २,००० हर्ट्झच्या थोडं पुढेपर्यंत फिरतं. माणसाच्या बोलण्यातले स्वर ओळखू येतात तेही बहुतांशी याच पट्ट्यातून. म्हणजे पेडल चालू असलेली गिटार आणि गाणारा गळा एकाच अरुंद बोळात चालत असतात. फझ त्या गिटारीत वरचे उपसूर (हार्मोनिक्स) ओततो आणि बोळ आणखी भरतो. या गर्दीला तोलून धरायचं काम खालचा बेस करतो.

मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरमधून साधारण २०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही येत नाही. सॅटरफील्डच्या बेसचे पायाभूत सूर गायब, जेनिंग्जच्या बास ड्रमचा धक्का गायब. उरतं ते नुसतं मधल्या पट्ट्यातलं युद्ध. अशा साधनावर ऐकून 'नुसता गोंगाट' असं मत झालं तर ऐकणाऱ्याने खोटं सांगितलेलं नाही. त्याला मिळालेला अल्बम खरोखरच तसा आहे.

दुसरी अडचण स्टिरिओची. त्या काळात वाद्यं पार डावीकडे किंवा पार उजवीकडे टाकायची पद्धत होती. स्पीकरवर दोन्ही कानांना दोन्ही बाजू थोड्याथोड्या मिळतात, त्यामुळे ते चालून जातं. हेडफोनवर मात्र एका कानात गिटार कुरतडत राहते आणि दहा मिनिटांत थकवा येतो. उपाय सोपा आहे: प्लेअरमध्ये किंवा मोबाइलच्या ऐकण्याविषयीच्या सेटिंगमध्ये मोनो चालू करा. मध्यभागी ठेवलेला आवाज जिथल्या तिथे राहतो आणि पूर्णपणे एकाच बाजूला असलेलं वाद्य त्याच्या तुलनेत सुमारे ३ डेसिबलने मागे सरकतं. एवढ्यानेही काही श्रोत्यांचं 'आवाज दबला' हे मत ढिलं पडतं. हा अल्बम मोनोत ऐकणंच योग्य असं आमचं म्हणणं नाही. पण मत मांडणीमुळे झालं की साधनामुळे, हे वेगळं करायला यासारखी झटपट चाचणी दुसरी नाही.

तिसरी अडचण पातळीची, आणि तुलना करणारे इथेच सर्वाधिक फसतात. १९५४ची मोनो तबकडी आणि १९६८चा स्टिरिओ अल्बम एकामागून एक लावले, तर दोन्ही एकाच मोठेपणाने वाजत नाहीत. एक डेसिबलचा फरकसुद्धा कानाला 'मोठं' असा न वाटता 'जास्त जिवंत' असा वाटतो. मोबाइलवरचं कोणतंही आवाज मोजणारं अ‍ॅप घ्या, फोन ऐकायच्या जागी ठेवा आणि दोन्ही गाण्यांत मडी एकटा ठळक ऐकू येतो अशी ओळ निवडून त्या ओळीची पातळी जुळवा. अख्ख्या गाण्याची सरासरी जुळवू नका. १९६८च्या गाण्यात वाद्यांची भर जास्त असल्यामुळे सरासरी जुळवली की आवाज आपोआप मागे जातो, आणि जी तक्रार तपासायची तीच आपण स्वतः तयार करून ठेवतो. इक्वलायझर, बेस वाढवणारी बटणं आणि कृत्रिम सराउंड बंद असू द्या.

चौथी अडचण साधी, पण मोठी: गाण्यांचा क्रम. अल्बम 'आय जस्ट वाँट टू मेक लव्ह टू यू'ने उघडतो आणि सर्वांत तिखट फझ, सर्वांत जास्त फीडबॅक तिथेच समोर येतो. दुसरं गाणं 'हूची कूची मॅन', म्हणजे ज्याची मांडणी सर्वांत जास्त बिघडली आहे ते. पुष्कळ जण इथेच थांबतात. त्यामुळे 'अल्बम' म्हणून नोंदवलेली अनेक मतं खरं तर पहिल्या दोन गाण्यांची असतात. मत वाचताना त्यात पाचव्या ते आठव्या गाण्यापैकी एकाचा तरी उल्लेख आहे का, ते पाहावं. नसेल तर ते मत बाद करू नये, पण पहिल्या दोन गाण्यांपुरतंच धरावं.

ऐकायचा क्रम

वरचं सगळं धरून हा अल्बम न्यायाने ऐकायचा तर असा ऐकावा. आधी १९६४चं मूळ 'द सेम थिंग', लगेच १९६८चं. मग 'मॅनिश बॉय'ची जोडी, १९५५ आणि १९६८. त्यानंतर 'टॉम कॅट' आणि 'हर्बर्ट हार्पर्स फ्री प्रेस न्यूज', जोडीशिवाय. इथे थांबून दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने 'हूची कूची मॅन'ची जोडी आणि सर्वांत शेवटी अल्बमचं पहिलं गाणं.

प्रत्येक १९६८चं गाणं तीनदा. पहिल्या खेपेला फक्त गळा ऐका, शब्द तुटतो कुठे ते पाहा. दुसऱ्या खेपेला बेस आणि ड्रम. तिसऱ्या खेपेला फक्त गिटारी, आणि त्या आवाजावर चढतात ती जागा मिनिट-सेकंदासह लिहून ठेवा. विशेषणं लिहू नका. 'अतिरेकी' लिहिलं की पुढच्या वाचकाला काहीच कळत नाही. 'दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीवर गिटार वरच्या सप्तकात जाते आणि शेवटचे दोन शब्द गिळते' असं लिहिलं की तो ती जागा ऐकून सहमत होऊ शकतो किंवा तुम्हाला खोडून काढू शकतो.

'शीज ऑलराइट'मध्ये एक सावधगिरी. गाण्याच्या शेवटी वृंद 'माय गर्ल' या प्रसिद्ध सोल गाण्याच्या सुरावटीकडे वळतो, फक्त वाद्यांवर. काहींना ही उनाडकी वाटते, काहींना तीच अल्बममधली सर्वांत मोकळी जागा वाटते. मडी तिथे गातच नाही, म्हणून आवाज-गिटारीच्या फूटपट्टीने ती जागा मोजू नये. ती स्टेपनी आणि त्याच्या वादकांची जागा आहे.

मडीचं मत आणि मुखपृष्ठाचा परिणाम

मडीला हा अल्बम आवडत नव्हता, हे नापसंतीच्या बाजूचं सर्वांत वजनदार पान म्हणून पुढे केलं जातं. ते वजनदार आहेच, पण पहिल्या प्रश्नापुरतं. त्याची अडचण व्यावहारिकही होती: स्टुडिओतला हा नाद त्याच्या रोजच्या वृंदाला घेऊन मंचावर उभा करता येत नव्हता, आणि जो कलाकार वर्षभर गावोगाव वाजवून पोट भरतो त्याला मंचावर न येणारा अल्बम कामाचा नसतो. ध्वनिमुद्रण कसं आहे याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

तसंच दुसऱ्या बाजूचं. या अल्बमवरचं एक गाणं हेंड्रिक्स मंचावर जाण्याआधी ऐकायचा, अशी आठवण पीट कोझीने सांगितलेली आहे, आणि तीही हेंड्रिक्सच्या मदतनिसाकडून ऐकलेली. ऐकीव गोष्ट म्हणून ती ठेवावी, पुरावा म्हणून नाही. त्यापेक्षा ठोस आहे ती २००३ची गोष्ट. मार्टिन स्कॉर्सेसीच्या ब्लूजवरच्या माहितीपट-मालिकेतल्या 'गॉडफादर्स अँड सन्स' या भागात पब्लिक एनिमी या रॅप गटाचा चक डी आणि मार्शल चेस 'इलेक्ट्रिक मड'च्या वादकांना पुन्हा एकत्र आणतात. रॅपकडून आलेला हा श्रोता खालून वर ऐकतो: आधी बेस आणि ड्रम, मग बाकीचं. त्याच्या कानाला अल्बम पहिल्या खेपेतच उलगडतो, कारण अल्बमची भक्कम बाजू तीच आहे. जुन्या चेस तबकड्यांवर वाढलेला श्रोता वरून खाली ऐकतो, गळ्यापासून सुरू करतो आणि गर्दीत अडकतो. दोघंही आपापल्या जागी नेमकं ऐकत असतात.

मुखपृष्ठ मत कसं घडवतं याचं ठळक उदाहरण शेजारीच आहे. १९६९मध्ये याच लेबलने जवळपास याच वादकांना घेऊन हाउलिन वुल्फ या दुसऱ्या ब्लूज गायकाचा अल्बम काढला आणि पांढऱ्या मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत छापलं की हा वुल्फचा नवा अल्बम आहे, त्याला तो आवडत नाही, आणि सुरुवातीला त्याला इलेक्ट्रिक गिटारही आवडली नव्हती. ती ओळ वाचलेल्या माणसाने त्या अल्बमबद्दल दिलेलं मत शुद्ध ऐकण्यातून आलं आहे असं मानणं कठीण. दोन्ही अल्बमांच्या मतांची सरमिसळ करू नये, याचं हे मुख्य कारण.

तुलनेला घ्यायचा तर १९६९चाच 'फादर्स अँड सन्स' घ्यावा. मडी, ऑटिस स्पॅन, माउथ ऑर्गनवर पॉल बटरफील्ड, गिटारवर मायकेल ब्लूमफील्ड, बेसवर डोनाल्ड 'डक' डन. वादकांपैकी बरेच तरुण आणि रॉक श्रोत्यांच्या ओळखीचे, म्हणजे हेतू तोच: तरुण गिऱ्हाइकापर्यंत पोहोचणं. पण मांडणी जुनी, जागा सोडणारी, आणि मडीची स्लाइड परत आलेली. बिलबोर्डवर तो ७०व्या क्रमांकापर्यंत गेला, 'इलेक्ट्रिक मड'च्या बराच वर. बाजारासाठी केलं म्हणून बिघडलं, हे म्हणणं इथे कोसळतं.

आणखी एक जोडी पाहायची तर १९७७च्या 'हार्ड अगेन'मधला 'मॅनिश बॉय'. निर्माता जॉनी विंटर, माउथ ऑर्गनवर जेम्स कॉटन. गिटार इथेही मोठी आहे, अँप इथेही तापलेला आहे, खोलीत लोक ओरडत आहेत. मोठेपणाच मोजायचा तर हे गाणं १९६८च्या आवृत्तीला मुळीच हार जात नाही. पण मडीने ओळ उचलली की तो तुकडा तिच्या आधी संपलेला असतो, आणि ओळ संपल्यावरच पुन्हा पडतो.